शेजारचा आकडा

पडद्यावर तिच्या सौर काचेचा आकडा उमटला आणि सरांनी खुर्ची मागे सारली. चोवीस टक्के. शेजारच्या लॅबची सौर काच तेवीस टक्के उन्हाची वीज करत होती, आणि सासूने शेजारणीच्या सुनेचं कौतुक ऐकवावं तसा तो तेवीसचा आकडा सर आपल्या या कंत्राटी संशोधिकेला वर्षभर ऐकवत होते.

"जिंकलीस बाई. आता तुझी मुदतवाढ कोण अडवतो बघू," म्हणत त्यांनी वरच्या साहेबांना कळवायला फोन उचलला. तिची नोकरी महिनाअखेर संपत होती.

ती मात्र दिव्याकडेच बघत राहिली. उन्हासारखा उजेड पाडणाऱ्या त्या दिव्याखाली तिची पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकाचा थर दिलेली काच उघडीच होती. मास्क नव्हता. मास्क म्हणजे बारीक खिडकी पाडलेला काळा पत्रा. मोजायचा तेवढाच भाग उजेडात ठेवतो. तो नसला की कडेचा उजेड आत घुसतो आणि आकडा फुगतो. भाजी तोलताना काट्यावर हळूच अंगठा टेकवावा, तसं. यांच्या लॅबचा मास्क वाकून निकामी झाला होता, आणि नवा मागवायचं काम दुसरा कोणीतरी करील असं प्रत्येकाला वाटलं होतं.

काचेवरच्या थराला तिने दिलेला क्षाराचा हात गुणाचा होता, यात वाद नव्हता. पण किती गुणाचा, ते आता देव जाणे.

"सर, मास्क लावून पुन्हा मोजूया."

सरांनी फोन खाली ठेवला. "अगं, तोंडाशी आलेला घास आहे. तेवीसच्या खाली घसरलीस तर वर काय सांगू? म्हणतील, शेजारचे बरे आहेत, हिला कशाला ठेवायची?"

"तरी पण, सर."

"पायावर धोंडा पाडून घ्यायची हौसच असेल तर जा. शेजाऱ्यांकडे माग."

शेजारच्या लॅबमध्ये तेवीसच्या आकड्याचे धनी, विक्रमवीर, बसले होते. हे नाव लोकांनी दिलं होतं आणि त्यांनी आनंदाने घेतलं होतं.

"काय ताई, आज आमची पायरी चढलात?"

"मास्क हवा होता. तासाभरासाठी."

त्यांनी एक खण उपसला, दुसरा उपसला, कपाटाच्या माथ्यावर हात फिरवला. शेवटी धूळ झटकून एक पाकीट पुढे केलं. "लॅब सुरू झाल्यापासून हा एकच आहे आमच्याकडे. जपून वापरा."

ती परत आली. सर खिडकीकडे तोंड करून उभे होते. तिने काच दिव्याखाली सरळ केली आणि पाकीट हातात घेतलं. त्यावरचं कारखान्याचं सील जसंच्या तसं होतं. ते तिलाच फोडावं लागलं.