मंजुषाची फर्माईश

“म्हातारीला लई हौस हाय कान फाडून घ्यायची,” मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं आणि अख्खी रांग हसली.

मंजुळाबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. हिंगोलीच्या दसऱ्याच्या प्रदर्शनात, स्पीकरच्या अगदी तोंडाशी, त्या डोक्यावरून पदर घेऊन बसल्या होत्या. स्टेजवर लांब केसांचा एक पोरगा गुडघे टेकून गिटार झोडपत होता. एका बाजूला नवरा व्यंकटराव, दुसऱ्या बाजूला मुलगा सोमेश्वर.

ही बाई दरवर्षी इथे का येते, हे तिच्या गावात, गोरेगावात, शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

थोरली लेक मंजुषा शहाण्णव साली इथूनच गेली. कॉलेजसाठी ती हिंगोलीत राहायची आणि बँड आला की पुस्तकं गुंडाळून पुढच्या रांगेत नाचायची. हे कानावर आलं तसे व्यंकटराव तिला आणायला जीपने निघाले. दुसऱ्या दिवशी एकटेच परतले. “बँडवाल्यासंगं पळाली. माह्यासाठी ती मेली,” एवढं बोलून त्यांनी अंघोळीला पाणी मागितलं.

कुठल्या बँडवाल्याबरोबर, ते कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून मंजुळाबाई सगळेच बँड बघायच्या. अकोल्याचे, परभणीचे, मुंबईचे म्हणवून घेणारे नांदेडचे. एका साली जनरेटर बंद पडला, तर ड्रमवाल्याने एकट्याने अंधारात मैदान नाचवलं होतं. सोमेश्वर अजून ते रंगवून सांगायचा. मंजुळाबाईंना एकही गाणं आठवत नसे. आतून त्या कधीच्याच बधिर झाल्या होत्या.

मंजुषा गेली त्याच्या पुढच्याच साली निवेदकाने एक चिठ्ठी वाचली होती. “गोरेगावच्या मंजुषाची फर्माईश!” तेव्हापासून एकाही दसऱ्याला ती चिठ्ठी चुकली नाही. सोमेश्वर दरवेळी स्टेजकडे धावायचा. “गर्दीतून हातोहात आली, भाऊ. कुणाची म्हणून सांगू?” असं उत्तर घेऊन परत यायचा. व्यंकटराव तंबाखू मळत बसायचे.

गावाने आपला अर्थ लावून टाकला. पोरगी सुखात आहे, लांबून आईला बघून जाते. व्यंकटरावांचंही कौतुक व्हायचं. एवढा मानी माणूस, लेकीवरचा राग काही गेला नाही, तरी बायकोसाठी दरसाल जीपचे धक्के खातो.

“जिती असंल तर जिती म्हणा, मेली असंल तर मेली म्हणा,” मंजुळाबाई एकदा शेजारच्या रुख्मिणीबाईला म्हणाल्या होत्या. “पर मला एकदा कळू द्या.”

यंदा दोन हजार पाच साल. मध्येच “पाणी पिऊन येते” म्हणून त्या उठल्या आणि थोड्या वेळाने परत येऊन बसल्या. गाणं संपलं. निवेदकाने चिठ्ठी उलगडली.

“गोरेगावच्या मंजुषाची फर्माईश! होऊन जाऊ द्या!”

सोमेश्वर उठून पळाला. गोरेगावची माणसं खुर्च्यांवर चढून मागे बघू लागली. ड्रम सुरू झाला.

“आली वाटतं तुही लेक,” व्यंकटराव म्हणाले. “बघ बरं, दिसती का कुठं.”

“तुमीच बघा की.”

“माहे डोळे कुठं चालून राहिले आता?”

मंजुळाबाई त्यांच्या कानाशी वाकल्या. त्या दणदणाटात तिसऱ्याला काही ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

“चिठ्ठी दरसाल मीच देते,” त्या म्हणाल्या. “नाव निघालं की सारं मैदान वळून बघतं. तुमी एकदाबी वळले न्हाई. नुसता राग असता, तर झिंज्या धरायला आधी तुमीच उठले असते.”

व्यंकटरावांच्या तळहातावरची तंबाखू खाली सांडली. त्यांनी तोंड उघडलं.

“वरडू नका,” मंजुळाबाई म्हणाल्या. “कुठं पुरलं तिला, तेवढं सांगा.”