मोकळा कोपरा

"एवढं एकच राहिलंय," मावशी म्हणाली आणि तिने रंगांच्या ट्यूबा टेबलावर ओळीने मांडल्या. "अकरा झालीत. संध्याकाळी पाचचं चित्र तेवढं तू कर."

नकाशेवालीने पलंगाकडे बघितलं. बाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. गेल्या थंडीत त्यांचं अर्धं अंग गेलं, वाचा गेली. रंगवायचा उजवा हात दुसऱ्याच कुणाचा असावा तसा उशीवर पडला होता.

मावशी म्हणजे बाईंची धाकटी बहीण. बाईंचं सगळं तीच करायची. नकाशेवाली बाईंची शाळेतली विद्यार्थिनी. तिचं पोट आता नळांच्या आणि गटारांच्या नकाशांवर चालायचं. शाळा सुटल्यापासून तिने ब्रश हातात धरला नव्हता.

बाईंनी चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवली. घरी मात्र त्या रिकाम्या खोल्या रंगवायच्या. माणूस नाही, फुलदाणी नाही. नुसता उजेड आणि त्याच्या कडा. पहिल्या प्रदर्शनाला आलेले लोक तोंडावर रुमाल धरून हसले. मास्तरीणबाईंनी फळा पुसलाय तेवढा दिसतो, असं एका समीक्षकाने लिहिलं. बाईंनी ते कात्रण वर्गात वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, फळा नीट पुसून बघा एकदा, सोपं नसतं ते.

नाव व्हायला साठी उलटावी लागली. आता कलामंडळाने मोठं दालन देऊ केलं होतं. एकच खोली, सकाळच्या सहापासून संध्याकाळच्या पाचपर्यंत, तासाला एक अशी बारा चित्रं. ती बारा एका ठिकाणी बघितली की डोळे मिटायला हरकत नाही, असं बाई वाचा जाण्याआधी म्हणाल्या होत्या. बारा झाली नाहीत तर दालन दुसऱ्याला जाणार होतं.

"आणि कुणाला कळलं तर?" नकाशेवालीने विचारलं.

"तर तिची आजवरची सगळीच चित्रं खोटी ठरतील. म्हणून ब्र काढायचा नाही. शाळेतल्या जुन्या मैत्रिणींपाशीसुद्धा नाही."

दर बुधवारी कचेरी सुटली की ती यायची. झालेली चित्रं आतल्या खोलीत कुलपात होती. भिंतीवर लागण्याआधी ती कुणी बघितलेली बाईंना खपत नाही, असं मावशी सांगायची. नमुन्याला बाईंच्या वहीतलं पेन्सिलीचं टिपण होतं, तेवढंच. स्टुलाची उंची दर वेळी कुणीतरी कमी केलेली असायची. ब्रश ओले असायचे. मावशीच्या अंगात सतरा वेळा धुण्यापुसण्याची खोड होती, तेव्हा त्याचं तिला काही वाटलं नाही. सावलीच्या मळकट निळ्या रंगाने मात्र पिच्छा पुरवला. गुरुवारी कचेरीत तो नखांतून कोरून काढावा लागायचा.

रंगवताना तिला वर्ग आठवायचा. बाई कॅनव्हास टेबलावर आडवा ठेवायच्या आणि डाव्या अंगठ्याने त्याचा खालचा डावा कोपरा दाबून धरायच्या. ब्रश अंगठ्याला वळसा घालून जायचा. चित्र झाल्यावर तिथे अंगठ्याएवढं कोरं कापड उरायचं. बाईंची सही तीच. मुलींनी त्यांचं नाव पाडलं होतं, अंगठेबहाद्दर. बाईंना ते ठाऊक होतं.

मुलींच्या कागदांवरही त्या असाच अंगठा टेकवायच्या. "कोपरा सोड गं. चित्राला दम खायला जागा नको का?" पण बाई पुढच्या बाकाकडे वळल्या की मुलींना ती कोरी जागा बघवायची नाही. चुकून राहिली असं कुणी म्हणेल, या भीतीने त्या ती घाईघाईने भरून टाकायच्या. बाई परत यायच्या, बघायच्या आणि नुसती मान हलवायच्या.

शेवटच्या बुधवारी मावशीने पलंगाची उशी उंच केली आणि चित्र बाईंसमोर धरलं. बाईंनी ते बराच वेळ बघितलं. एका डोळ्यातून पाणी आलं. तो डोळा हल्ली तसाही गळायचा.

प्रदर्शनाच्या सकाळी दालनात दोन-अडीचशे माणसं होती. मावशीने बाईंची चाकांची खुर्ची दारापाशी उभी केली होती. कलामंडळाचे अध्यक्ष हार घेऊन उभे होते. फळा पुसल्याचं लिहिणारे समीक्षकही आले होते, आता काठी टेकत. प्रदर्शनाच्या पुस्तिकेच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहिलं होतं की बाईंची चित्रं ओळखायला सही लागत नाही. तो कोपरा बघावा.

नकाशेवालीने ते वाचलं.

ती संध्याकाळच्या पाचपाशी धावली. चित्राच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात जमिनीवरची सावली पार काठापर्यंत गेली होती. निळी, घोटून घोटून भरलेली. अंगठा तिथे नव्हता आणि तिला आठवणही झाली नव्हती.

अध्यक्षांचं भाषण सुरू झालं. ते संपलं की समीक्षक चित्रं बघत फिरणार. अकरा कोपरे कोरे आणि बारावा भरलेला. आंधळ्यालाही कळलं असतं. एका विसरण्यापायी बाईंचं आयुष्य मातीला मिळणार होतं. हे लगेच डोळ्यांत भरेल की नाही, निदान एवढं तरी बघावं म्हणून ती शेजारच्या चारवाजताच्या चित्राकडे गेली.

त्याचा कोपरा भरलेला होता.

तिला वाटलं, आपण चुकीच्या बाजूला बघतोय. तिने दुसरी बाजू बघितली, मग पुन्हा डावी. ती तीनकडे गेली. भरलेला. दोनचाही भरलेला.

तिने मान वर करून दालनभर नजर फिरवली. सकाळच्या सहापासून एकेका चित्रापुढे केस पिकत चाललेली शाळेतली एकेक जुनी मैत्रीण कमरेत वाकून डावा कोपरा बघत होती, आणि प्रत्येकीच्या तोंडावर गेलेल्या हाताच्या नखांत तोच मळकट निळा होता.