पहिल्यांदाच पुढे

पावसाळाभर भजी खाऊनही हंगामाच्या पहिल्याच डोंगरी सायकल शर्यतीत मी सगळ्यांच्या पुढे होतो. पुढे कुणीच नाही, हे दृश्य मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्या आनंदात फाट्यावर फक्कीचा बाण दिसला आणि मी डावीकडे वळलो. माझ्या पाठीवर विश्वास ठेवून मागचे सगळेही वळले.

बाण संपले ते थेट लग्नाच्या मांडवात. आमच्या शर्यतीचे बाण पिवळे होते. हे पांढरे वऱ्हाडासाठी काढलेले. तुळशीचं लग्न लागलं की दोन्ही हंगाम एकदमच सुरू होतात.

वधूपित्याने धुळीने माखलेली हेल्मेटं पाहिली. "मुलाकडचे ना? दमलात फार," म्हणत त्याने आम्हाला पंगतीला बसवलं. आता पंगत उठेपर्यंत उठता येईना, आणि शेजारचे आजोबा तर पुन्हा मठ्ठा मागत होते.

जिलेबी आली तेव्हा मांडवाच्या दारात कुंदाताई उभ्या होत्या. साठी ओलांडलेल्या, दर शर्यतीत शेवटच्या. गळ्यात पहिल्या नंबरचं पदक.

"टाळ्या वाजवायला कुणीच नव्हतं, म्हणून शोधत आले."

उजवे हात जिलेबीत होते. आम्ही डाव्या हातांनी मांड्यांवर थापा मारल्या.

"ताई, तुम्ही कशा नाही चुकलात?" मी विचारलं.

कुंदाताई माझ्या शेजारी मांडी घालून बसल्या, पान पुढे ओढलं.

"तुम्ही सगळे एवढे पुढे असता, मला कुणी दिसतच नाही रे. मग बाणच बघत जावं लागतं."