खिरीचा वाटा

पहाटे गुरू गेले, आणि भैरवगिरीला आधी आठवली ती अन्नछत्रातली आजची खीर. आत्ता सांगितलं तर समाधीच्या धावपळीत ती हुकणार. चोरू नये, साठवू नये, हे योगाचे यम ऋषिकेशच्या घाटावर तो शिकवी, गुरूंकडूनच शिकलेले. तरी गार देहावर कांबळं ओढून, दोघांचे कमंडलू घेऊन तो रांगेत उभा राहिला. "थोरल्या महाराजांचा ताप उतरला का?" वाढपी सेमवालने विचारलं. "उतरला. खिरीची वाट बघताहेत." सेमवालचं ओगराळं थबकलं. "अहो, कालच दूधवाल्याकडून निरोप आला त्यांचा! 'उद्या माझा वाटा भैरवला द्या, खिरीत जीव त्याचा.' मग ते खिरीची वाट कशी बघतील?" भैरवगिरीने दोन्ही कमंडलू खाली ठेवले. "ते… पहाटेच गेले." मागच्या रांगेतल्यांनी हात जोडले. सेमवालने दोन्ही कमंडलू काठोकाठ भरले. "बसा महाराज, सावकाश खा. खांदा द्यायला आम्ही जातो."