पांढरा दोरा

मुलीने संघाचं सामान परत करायला टेबलावर ठेवलं, तेव्हा मॅडमची नजर आधी सामानाकडे गेलीच नाही. ती गेली मुलीच्या उंचीकडे, दंडांकडे, उंच बांधलेल्या केसांकडे. गेले कित्येक महिने हेच चाललं होतं. आज हिच्या तक्रारीवर चौकशी, अन् तरी पोरगी कशी सरळ उभी होती. बघूनच चीड यावी.

जिमखान्यामागची ती सामानखोली मॅडमच्याच ताब्यात होती. कॉलेजच्या मुलींच्या व्हॉलीबॉल संघाच्या त्या मॅनेजर, आणि प्रशिक्षक त्यांचे यजमान. जाळं सांधणं, दुखऱ्या गुडघ्यांना पट्ट्या बांधणं, उसवलेले कपडे शिवणं, सगळं त्यांच्याकडे. मुली त्यांना ताई म्हणत. ही मात्र प्रशिक्षकांविरुद्ध तक्रार केल्यापासून काहीच म्हणत नव्हती.

कोपऱ्यात मॅटच्या ढिगावर क्रीडाप्रमुख बसले होते. वरच्या मजल्यावर चौकशी समिती बसली होती. आधी मुलीला बोलावणार होते, मग मॅडमना. तिथे काय बोलायचं ते प्रमुखांनी मघाशीच पढवून ठेवलं होतं: संघाच्या दौऱ्यावर काही वावगं दिसलं नाही, मुलगी शेवटच्या सकाळी ठणठणीत होती, कप्तानपद जाणार हे कळल्यावर तिने हे कुभांड रचलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून ते हसलेही होते. हे सव्वा लाख कोणाच्या पदरात पडणार, ते काही त्यांनी सांगितलं नाही. तसं मॅडमना पढवायची फारशी गरज नव्हतीच. ठणठणीत काय, पोरगी त्या दौऱ्यावर मिरवत होती, असंच त्या धरून चालल्या होत्या.

त्यांनी जर्सी झटकून पाहिली. गुडघ्याचे पॅड दाबून पाहिले. बुटांचे तळवेसुद्धा पाहिले.

"जॅकेट?"

कप्तानाचं निळं जॅकेट. नवऱ्याने ते सगळ्यांसमोर, स्वतःच्या हातांनी हिच्या खांद्यांवर घातलं होतं. कधीकाळी मॅडम कप्तान असताना त्याच हातांनी तसंच जॅकेट त्यांच्या खांद्यांवर घातलं होतं, आणि पुढे लग्नाच्या कपड्यांचंही त्यांना तेवढं कौतुक वाटलं नाही. हिने ठेवून घेतलं असेल आठवण म्हणून, असं मनात आलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ते वर आहे," मुलगी म्हणाली. "समितीच्या टेबलावर."

प्रमुख ढिगावरून उठून उभे राहिले.

मॅडमना ते जॅकेट डोळ्यांसमोर दिसलं. दौऱ्याच्या शेवटच्या सकाळी मुलीनेच ते त्यांच्या दारात आणून दिलं होतं. चेन उपटलेली, खांदा उसवलेला. त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. विचारायचं काय? आदल्या रात्री नवरा पट्ट्या बांधायच्या खोलीतून उशिरा परतला होता, आणि बाकीचं त्यांनी आपल्या मनाने जुळवून टाकलं होतं. सवतच दारात उभी आहे अशा रागाने त्यांनी सुई उचलली. डब्यात निळा दोरा होता. त्यांनी पांढरा ओवला, आणि गळ्यापासून खांद्यापर्यंत असे टाके घातले, की बसच्या मागच्या बाकावरूनही दिसावेत. दिसलेच. मुली एकमेकींना कोपरखळ्या मारून हसल्या. त्या दिवशी मॅडम दोन घास जास्त जेवल्या.

"तुम्ही काहीतरी विचाराल म्हणून मी दारात थांबले होते," मुलगी म्हणाली. "शिवून होईपर्यंत थांबले होते."

मॅडमच्या तोंडून निघालं ते भलतंच. इतके महिने ज्याने त्यांची झोप उडवली होती, ते.

"काय म्हणाले ते तुला? काय सांगून बोलावलं त्या पट्ट्यांच्या खोलीवर?"

मुलीने पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"ताईंनी बोलावलंय म्हणाले. गुडघा बघायचाय म्हणून. तुमचं नाव घेतलं नसतं तर मी गेले नसते."

मॅडमची नजर तिच्या गुडघ्यावर गेली. रोज त्याच तो बांधून द्यायच्या. शेवटी शेवटी जरा जास्तच आवळून. ज्या मुलीवर त्या जळत होत्या, ती त्यांच्याच नावावर विसंबून त्या खोलीत गेली होती. मत्सर काही असा एका वाक्याने मरत नाही. पण तो आता कोणाचा करायचा, ते त्यांना कळेना.

वरून शिपायाने हाक मारली. मुलगी जिना चढून गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर प्रमुख जवळ आले. टाक्यांबद्दल विचारतील, ते हलक्या आवाजात म्हणाले, तर तिने स्वतःच शिवलं असेल म्हणा. हात दाखवून अवलक्षण कशाला करून घ्यायचं? कॉलेजचं नाव आहे, यंदाचा चषक आहे, आणि काही झालं तरी नवरा आहे तुमचा.

मॅडमनी सुईदोऱ्याचा डबा उघडला. पांढरं रीळ संपत आलं होतं. निळं जवळजवळ भरलेलं होतं. त्यांनी दोन्ही उचलली.

"कोणी शिवलं, ते सांगायला एक शब्द पुरे," त्या म्हणाल्या. "निळा असताना पांढरा का घेतला, ते सांगायला वेळ लागेल. तुम्ही माझ्यासाठी थांबू नका."