डोळे झाकून घ्या

सकाळी साडेआठला घाटात बर्फ पडू लागला आणि धाकट्याची गाडी पहिल्याच चढावर जागच्या जागी घसरायला लागली. आणखी सहा-सात गाड्या तिथेच अडकून पडल्या होत्या. मागून आलेल्या दादाने काच खाली केली.

"राहू दे तुझा डबा इथंच. आमची चारही चाकं ओढतात. नऊ वर्षांत एकदा तरी बंद पडलीय का, सांग!"

"दादा, थांब जरा. बर्फ काढणारी गाडी येतेय."

"ताई जेवायला थांबलीय. तू ये मागून, भांडी घासायला."

शेजारी बसलेली वहिनी हसली. "भाऊजी, तुमच्यापुरतं ठेवते हं बाजूला."

गाडी एकदाही न घसरता चढून गेली. माथ्यावरून दादाने त्या मॉडेलच्या मालकांच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "भरवशाची गाडी. डोळे झाकून घ्या."

दुपारी बर्फ काढणाऱ्या गाडीचा चालक धाकट्याला म्हणाला, "चढतात झकास त्या. उतारावर थांबायची वेळ आली की तुमची काय, त्यांची काय, सगळ्या सारख्याच."

रस्ता मोकळा झाला. अडकलेल्या सगळ्या गाड्या माथा ओलांडून सावकाश घाट उतरल्या. धाकटा ताईच्या दारात पोहोचला तेव्हा तिने विचारलं, "दादा-वहिनी कुठं आहेत?"



संध्याकाळी पाच वाजता शोधपथकाला पलीकडच्या उतारावर, कठड्याच्या खाली, झाडांत अडकलेली दादाची गाडी सापडली. इंजिन अजून चालू होतं. आत कोणी नव्हतं.