पहिली ओळ

विक्रोळीच्या या भजन मंडळाचं नाव पार कोकणापर्यंत होतं. कुणाच्याही मयताला मंडळ गेलं की लहूबुवांनी पहिली ओळ गायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची, हे ठरलेलं.

आज मयत बुवांचंच होतं. सगळे टाळ घेऊन चाळीत जमले. चंद्रप्रकाशने पखवाजावर थाप मारली, पण कुणाचंच तोंड उघडेना. सगळे सवयीने बुवांकडे बघत बसले.

"करा ना रे सुरू," दारातून कुणीतरी म्हणालं.

"बुवांशिवाय कधी केलंय?" चंद्रप्रकाश पुटपुटला.

बुवांची बायको, मालनवहिनी, कोरड्या डोळ्यांनी उठल्या. आतून पेलाभर गरम पाणी आणून त्यांनी बुवांच्या उशाशी ठेवलं.

"जरा थांबा," त्या म्हणाल्या. "हे घेतल्याशिवाय ह्यांचा आवाज लागत नाही."